आठ दिवसांचं बाळ आणि नवशिका कॅमेरा

शंकेखोर : आमच्या नवजात विभागात नवी नर्स आली की सुरुवातीला आम्ही तिला एकटीला बाळ उचलू द्यायचो नाही. परीक्षा पास होऊन आलेली असायची, हात धुवायच्या पायऱ्या तोंडपाठ असायच्या, तरी नाही. तू कॅमेरा घेतल्याला अजून वर्ष व्हायचंय, लग्नांत दुसऱ्याच्या हाताखाली लाइट धरून उभा राहिलायस, आणि आता म्हणतोस लोकांच्या घरी जाऊन आठ-दहा दिवसांच्या बाळाचे फोटो काढणार. तेही पैसे घेऊन. अरे, लग्नात हार घालतानाचा फोटो हुकला तर नवरानवरी हसत पुन्हा हार घालतात. इथे हुकलं तर काय करशील? आणि या कामाला आपल्याकडे ना परवाना लागतो ना परीक्षा. कुणीही उठावं, कॅमेरा गळ्यात अडकवावा आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरावं. हात बसवायला पर्वती आहे, तुळशीबाग आहे. तिथे जा की.

हौशी : पर्वती कुठे पळून जात नाही, मावशी. बाळाचे हे दिवस जातात. पहिल्या दोन आठवड्यांत ते अजून पोटातल्यासारखं असतं. गुडघे पोटाशी, मुठी गालाशी, आणि झोप अशी की टोपडं बदललं तरी पत्ता नाही. पुढे ते हातपाय ताणायला लागतं, जास्त वेळ जागं राहतं, गालांवर पुटकुळ्या येतात. म्हणून या कामातले लोक पाचव्या ते चौदाव्या दिवसांतली तारीख मागतात. आणि मी नाही गेलो तर फोटो निघणार नाहीत असं थोडंच आहे? घरातले काढतातच, मोबाइलवर, रात्री ट्यूबच्या उजेडात, पायथ्याशी उभं राहून, नाकपुड्या पहिल्या आणि डोळे शेवटी दिसतील अशा कोनातून. मी नवशिका आहे हे आधीच सांगतो, पैसेही त्याच हिशोबाने घेतो. फसवणूक कुठे आहे यात?

शंकेखोर : निघू देत की नाकपुड्या. नाकपुड्यांनी बाळाला सर्दी होत नाही. तू ज्या दिवसांची तारीख मागतोस ते दिवस कसले असतात ते ऐक. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. पावणेतीन किलोचं बाळ दोनशे ग्रॅम सहज गमावतं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर डॉक्टर घाबरत नाहीत, पण लक्ष ठेवतात, आणि दहा ते चौदा दिवसांत ते मूळ वजनावर येतं. म्हणजे तुझी तारीख नेमकी त्या भरपाईच्या दिवसांवर पडते. नाळ पडलेली नसते, किंवा कालच पडलेली असते. आईचं दूध नुकतं उतरलेलं असतं, टाके ओढत असतात, सलग दोन तास झोप मिळाली तर तिला दिवाळी. अशा घरात तू बॅगा घेऊन दोन-तीन तासांसाठी जाणार आणि म्हणणार, बाळाचं झबलं काढा.

हौशी : झबलं काढायलाच हवं असं माझं म्हणणंच नाही. दुपट्यात घट्ट बांधलेलं बाळ फोटोत उलट छान दिसतं, आणि शांतही राहतं. खोली गरम ठेवायची हे मला ठाऊक आहे. पंखा बंद, एसी बंद, भिंतीवर छोटा थर्मामीटर. मला घाम फुटला की बाळाला बरं वाटत असणार, असा आमच्यातला एक ढोबळ हिशोब.

शंकेखोर : तो हिशोब डिसेंबरात ठीक आहे, एप्रिलात नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीची खोली 25 ते 28 अंश ठेवा म्हणते, ती बाळ थंड पडू नये म्हणून. मोठ्या माणसासारखं कुडकुडून अंग तापवणं बाळाला जमत नाही. खांद्यांच्या मधे आणि मानेपाशी जी तपकिरी चरबी असते तीच जाळून ते ऊब तयार करतं, आणि त्या जळण्याला दूध लागतं. साडेछत्तीस अंशांच्या खाली शरीराचं तापमान गेलं की आमच्या लेखी ते बाळ थंड. पण पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी खिडकी बंद, पंखा बंद, वर लोकरीचं दुपटं, डोक्यावर टोपी आणि शेजारी तुझा हीटर असं केलंस तर बाळ तापेल, आणि तापलेलं बाळ रडत नाही, मलूल पडतं. तू म्हणशील, वा, काय गाढ झोपलंय! गाढ झोप आणि मलूलपणा यांतला फरक तुला कळतो का? माझा मुख्य आक्षेप हाच आहे. कॅमेऱ्याचं तू शिकशील रे. बाळ कधी ठीक नाही, हे कोण शिकवणार तुला?

हौशी : ते नाही कळत, आणि म्हणूनच आई किंवा आजी हाताच्या अंतरावर असल्याशिवाय मी फोटो काढत नाही. पण मावशी, तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली. डॉक्टर नव्हत्या त्या, नर्सही नव्हत्या. फार शिकलेल्याही नव्हत्या. त्यांनी घरोघरी जाऊन वजन केलं, तापमान घेतलं, श्वास मोजले, आणि 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जो निष्कर्ष छापून आला त्यात नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्यावरून पुढे देशभर आशाताई घरी जायला लागल्या. नवशिक्या माणसाने बाळाला हात लावू नये हा नियम असता तर हे झालंच नसतं.

शंकेखोर : उदाहरण चांगलं काढलंस, पण ते तुझ्याविरुद्ध जातं. त्या बायका नवशिक्या होत्या, अशिक्षित नव्हत्या. त्यांना काय करायचं याच्याइतकंच काय करायचं नाही हे घोटून शिकवलं होतं. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका, हा आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता. त्यांच्यावर देखरेख होती, त्यांच्या नोंदी तपासल्या जायच्या. आणि त्या बाळासाठी जात होत्या. तू फोटोसाठी जातोस. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई येते तेव्हा ती बाळाला उघडं करते ते तपासायला, आणि लगेच झाकते. तुझी नोंद कोण तपासतं? इन्स्टाग्रामवरचे लाइक?

हौशी : हे लागलं. ठीक आहे, मग काय करायचं नाही तेच आधी सांगतो, तुम्ही तपासा. ती प्रसिद्ध बेडकाची पोझ असते ना, बाळ पोटावर, कोपरं टेकलेली, हनुवटी दोन्ही तळव्यांवर, जणू कसल्या विचारात पडलंय. ती मी करत नाही. आठ दिवसांच्या बाळाला मान सावरत नाही, तळव्यांवर डोकं तोलण्याचा प्रश्नच नाही. जाणकार लोक ते दोन फोटो जोडून करतात. एकात मदतनीस डोकं धरते, दुसऱ्यात मनगटं, आणि नंतर संगणकावर तिचे हात पुसून टाकायचे. नवशिक्याला वाटतं बाळ खरंच तसं बसतं, आणि तो तसं बसवायला जातो. काचेची बरणी, टांगलेली झोळी, लोखंडी बादली, काही नाही. बाळाच्या वर लाइटचा स्टँड नाही. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असल्याशिवाय बाळाच्या वर वाकायचं नाही. घड्याळ, अंगठी काढून ठेवायची. सर्दी झाली असेल तर तारीख पुढे ढकलायची, पैसे बुडाले तरी.

शंकेखोर : हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, हेही लिहून ठेव. टोपलीत गोल गुंडाळून ठेवलेलं बाळ फोटोत गोड दिसतं, पण मान पुढे पडली की श्वासाची वाट अरुंद होते. बाळ रडून सांगत नाही, गप्प होतं. आणि तुझी स्वतःची डांग्या खोकल्याची लस झाली आहे का बघ. बाळाला ती सहाव्या आठवड्याला मिळायला लागते, तोपर्यंत आईकडून काही मिळालं असेल तेवढंच. पण आता तूच सांग. गिऱ्हाईक मोबाइलवर बेडकाचा फोटो पुढे करून म्हणालं, असाच हवा, त्याचेच पैसे देतोय, तर काय करशील?

हौशी : नाही म्हणेन.

शंकेखोर : भाडं थकलेलं असताना?

हौशी : म्हणेन, मावशी. कारण नाही म्हटल्यावर द्यायला माझ्याकडे दुसरं काही आहे. खिडकी. माझ्या मते नवशिक्याने पहिलं वर्ष पोझच्या मागे लागूच नये, उजेडाच्या मागे लागावं. आमच्या पाचवीलाच कमी उजेड पुजलेला. दहा बाय अकराची खोली, त्यात डबल बेड, कपाट, पाळणा, आणि एक खिडकी, तिलाही ग्रिल आणि जाळी. अशा खोलीत 50 मिलिमीटरची लेन्स लावली की भिंतीला पाठ टेकते तरी चौकट पुरत नाही, 35 बरी. लोक सांगतात अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, एफ 1.8, मागचं सगळं धूसर, एकदम स्टुडिओ. पण बाळाच्या दोन फुटांवर जाऊन 50च्या लेन्सने 1.8 वर काढलं तर जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. पापणी स्पष्ट, नाकाचं टोक पुसट. म्हणून 2.8, कधी 3.5, आणि आयएसओ 1600 ला घाबरायचं नाही. थोडे दाणे दिसले तर दिसले. शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आसपास, कारण झोपलेलं बाळही मधेच हात झटकतं. हे आकडे झाले. खरं काम आकड्यांचं नाही. खरं काम म्हणजे खोलीतली ट्यूब बंद करणं.

शंकेखोर : ट्यूबने काय होतं?

हौशी : खिडकीचा उजेड निळसर, बल्ब पिवळा, ट्यूबचा मधलाच काहीतरी हिरवट. तिन्ही एकाच गालावर पडले की अर्धा गाल एका घरचा, अर्धा दुसऱ्या. शिवाय आवाज नको म्हणून कॅमेऱ्याचं मूक शटर लावलं तर ट्यूब आणि एलईडीच्या लुकलुकण्याने फोटोत आडवे पट्टे उमटतात. म्हणून सगळे दिवे बंद. बाळाला खिडकीच्या समांतर झोपवायचं नाही, थोडं तिरकं, डोकं खिडकीच्या बाजूला, म्हणजे उजेड कपाळावरून नाकाच्या कडेने खाली उतरतो. पायाकडून उजेड आला की भुताच्या गोष्टीत टॉर्च हनुवटीखाली धरतात तसं दिसतं. ऊन थेट येत असेल तर पांढरी ओढणी किंवा धोतराचं पान खिडकीला लावायचं. दुसऱ्या बाजूला पांढरा फोमबोर्ड नसला तर उशीचा अभ्राही चालतो. आणि खिडकीपासून दोन पावलं मागे सरलं तरी उजेड किती घटतो हे एकदा डोळ्यांनी बघायचं. एवढं जमलं की बाळाला हलवावंच लागत नाही, मीच फिरतो. जांभई येते, मूठ उघडते, आजीच्या अंगठ्याला पाच बोटांचा विळखा बसतो. पोझ देऊन हे येत नाही.

(लेखकाला इथे मधे तोंड घातल्याशिवाय राहवत नाही. मराठी घरांत तान्ह्या बाळाचा सगळ्यात चांगला उजेड अंघोळीनंतर असतो. मोरीत पायांवर घालून बाळ न्हाऊन निघालेलं, दुपट्यात गुंडाळलेलं, सकाळचे दहा वाजलेले, आणि पूर्वेची खिडकी. त्या वेळी खोलीत स्वतःहून थांबणारा एकही पुरुष नसतो. अल्बममध्ये ती वेळ नसण्याचं कारण बहुधा एवढंच आहे.)

शंकेखोर : फ्लॅशचं राहिलं. आजीबाई म्हणतील डोळे जातात.

हौशी : तुम्ही काय म्हणाल?

शंकेखोर : जात नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची डोळ्यांची तपासणी करतात तेव्हा डॉक्टर याहून प्रखर दिवा डोळ्यात धरतात, मी स्वतः बाळं धरली आहेत. पण दचकतं. दोन्ही हात फेकून मिठी मारल्यासारखं करतं आणि मग रडतं. झोपलेलं बाळ पुन्हा पुन्हा दचकवून तुला काय मिळणार आहे? फ्लॅश नको. मला रंगाबद्दल बोलायचंय. तुझ्या त्या खिडकीच्या उजेडाचा एक उपयोग तुला माहीत नाही. कावीळ आम्ही त्याच उजेडात बघायचो. पुऱ्या दिवसांच्या दहा बाळांत सहा तरी पिवळी पडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, चौथ्या-पाचव्याला चढते. बाळाला खिडकीपाशी न्यायचं, कपाळावर, मग छातीवर बोट दाबून उचलायचं, खाली पिवळं दिसतं का बघायचं. पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरतो. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आता तू काय करतोस? बाळ पिवळं दिसलं तर?

हौशी : कॅमेरा स्वतःच पांढऱ्याचा हिशोब लावतो. राहिलेलं मी संगणकावर काढतो. पिवळा कमी, गुलाबी जरा जास्त. सगळेच करतात.

शंकेखोर : सगळेच करतात म्हणून विचारतेय. पाचव्या दिवशी तू काढलेला फोटो सहाव्या दिवशी सोलापूरच्या आजीला जातो. आजीने चार बाळंतपणं काढलेली, पिवळं बाळ तिला एका नजरेत कळलं असतं, फोन करून म्हणाली असती, अगं दाखवून आण. तिला तू गुलाबी बाळ पाठवलंस.

हौशी : मावशी, फोटोवरून कुणी निदान करतं का?

शंकेखोर : करू नये. करतात मात्र सगळे, आणि एरवी त्याने बरंच होतं. पण कावीळ सोड, ती उतरते. कमरेवरचा निळा डाग घे. आपल्याकडच्या बाळांना माकडहाडापाशी, ढुंगणावर निळसर-राखाडी चट्टे असतात. जन्मखूणच ती, काही वर्षांत फिकट होत जाते. तो डाग तू पुसतोस?

हौशी : मागितलं तर पुसतो. जवळजवळ सगळे मागतात.

शंकेखोर : आणि सावळेपणा?

हौशी : ... तोही मागतात. स्पष्ट बोलून नाही. 'जरा ब्राइट करा' म्हणतात. पण यात कॅमेऱ्याचाही हात आहे, नुसतं लोकांच्या मनावर ढकलू नका. पांढऱ्या दुपट्यात बाळ असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, तो सगळाच फोटो काळवंडून टाकतो. नवशिका घाबरून वर ओढतो आणि गरजेपेक्षा जास्त ओढतो. फिल्मच्या काळात तर छपाईचे रंग जुळवायला गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरायचे, कोडॅकचं 'शर्ली कार्ड'. त्वचा म्हणजे ती त्वचा, असं मापच ठरून गेलं होतं. आज आम्ही जे तयार फिल्टर विकत घेतो ते बहुतेक परदेशातल्या गुलाबी बाळांवर बसवलेले. आपल्या बाळाच्या गव्हाळ कातडीवर लावले की ते आजारी दिसतं किंवा प्लास्टिकचं. याला उपाय आहे. दुपटं पांढरं न घेता बदामी, मोरपंखी घ्या, आईची जुनी सुती साडी घ्या. पोपटी भिंत असेल तर बाळ तिच्यापासून दूर, नाहीतर गालावर पोपटी छटा चढते. आणि फिल्टर फेकून द्या. हे मी करतो. डागाचं अजून ठरवलेलं नाही.

शंकेखोर : ठरव. पाच वर्षांनी तो डाग अंगावर नसेल आणि फोटोतही नसेल. मग बाळाला तो होता हे सांगणारं काय राहिलं?

हौशी : आता माझी पाळी. तुम्ही इतका वेळ दार बंद ठेवायच्या बाजूने बोलताय. पण सुवेर, सव्वा महिना, दृष्ट, सटवाईची पाचवी या नावांनी दार बंदच होतं की. बाराव्याला बारसं होईपर्यंत फोटो नको, दृष्ट लागते, असं मला कितीदा ऐकवतात. त्या अंधाऱ्या खोलीशी, धुरीशी, शेगडीशी तुम्हीच जन्मभर भांडलात. आता त्याच बंद दाराची वकिली?

शंकेखोर : भांडले, आणि पुन्हा भांडेन. धुरीच्या धुराने कोंदलेली खोली, डोळ्यात काजळ, नाळेवर हळद आणि राख, हे काढायला आमच्या पिढीच्या नर्सांचा घसा सुकला. काजळात शिसं सापडतं, ते डोळ्यात कशाला? पण तीट लाव म्हणावं पायाच्या तळव्याला, माझं काही म्हणणं नाही. सुवेराचं मात्र दोन भाग करून बोल. बाईला कोपऱ्यात टाकणं, तिला कुणी शिवू नये असं म्हणणं, हे वाईटच. पण त्याच रूढीने बाहेरच्या माणसांची वर्दळ सव्वा महिना थांबवली आणि बाईच्या हातातलं काम काढून घेतलं. हे दुसरं चांगलं होतं. तुझ्या कॅमेऱ्याने नेमकं दुसरं मोडलं. बाई कोपऱ्यातून बाहेर आली ती थेट तुझ्या फोटोसाठी केस विंचरायला.

हौशी : केस विंचरू नका म्हणतो मी. तिथेच खरी अडचण येते. बाळंतीण म्हणते, मी नको, माझा अवतार बघा, फक्त बाळाचा काढा. आणि मी ऐकलं तर काय होतं ते मला इतिहासात दिसतं. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर फोटो निघायला काही सेकंद लागायचे. बाळ हललं की चेहरा पुसट. म्हणून आई त्याला धरून बसायची आणि तिच्यावर चादर, पडदा, गालिचा टाकायचे. फोटोत बाळ आणि त्याच्यामागे खुर्चीसारखा एक कापडाचा ढिगारा. विलायतेत, अमेरिकेत असे कितीतरी फोटो निघाले. ढिगाऱ्यातून कधी एक हात बाहेर दिसतो. आता बेडकाची पोझ आठवा. मदतनिसाचे हात पुसलेले. अ‍ॅन गेडिस या ऑस्ट्रेलियन बाईंनी 1996 च्या 'डाउन इन द गार्डन'मध्ये बाळं फुलापानांत ठेवली, जगभर कॅलेंडरं खपली, आणि मूल कुणाच्या मांडीवर असतं हे पुसून ते निसर्गातून उगवल्यासारखं दाखवायची चाल पडली. दीडशे वर्षांत तंत्र बदललं, धरणारे हात लपवायचे हे बदललं नाही. मला ते हात हवेत. सलाइनची पट्टी निघाल्यावरचा मनगटावरचा काळानिळा डाग, सैल गाउन, पायांवर बाळ घेऊन बसलेली आजी. यासाठी मी नवशिका असणं आड येत नाही, उलट बरं. मला पोझ येतच नाहीत.

शंकेखोर : आत्ता पहिल्यांदा तू मला विचार करायला लावलंस. वॉर्डात बाळाच्या पायाला पट्टी असते, 'अमुकचं बाळ', आईच्या नावाने. घरी गेलं की ते आजोबांचा नातू होतं, आणि आई अल्बममध्ये थेट बारशाला शालू नेसून उगवते. मधले दिवस तिच्यासकट गायब. ते दिवस कुणी नोंदवले तर मला आनंदच आहे. पण तुझ्या बोलण्यात एक घोटाळा आहे. ती म्हणाली 'मी नको', आणि तू म्हणतोस तिच्या भल्यासाठी मी ऐकणार नाही. बरोबर हेच वाक्य आम्ही वॉर्डात डॉक्टरांकडून ऐकायचो.

हौशी : न ऐकता काढत नाही. समजावतो.

शंकेखोर : टाके सुकले नाहीत अशा बाईला, सासू समोर उभी, नवऱ्याने पैसे भरलेत, त्यात तू पुरुषमाणूस, तिला मधेच पाजायला घ्यायचंय. तिला 'समजावणं' म्हणजे काय असतं?

हौशी : पाजायच्या वेळी मी खोलीबाहेर जातो. बहिणीला सोबत नेतो, आत ती थांबते. पण तुमचं खरं आहे, बाहेर गेल्याने प्रश्न सुटत नाही. मग दोन्हीकडून अडकलो ना? तिचं ऐकलं तर ती चादरीखाली जाते. नाही ऐकलं तर मी चादर ओढणारा.

शंकेखोर : आणि बाळ? त्याला तर 'नको'ही म्हणता येत नाही. तू त्याचे फोटो तुझ्या जाहिरातीला वापरतोस का?

हौशी : सगळे वापरतात. फोटो टाकायची परवानगी दिली तर सूट, असा रिवाज आहे. नवशिक्याला दाखवायला काही हवं ना.

शंकेखोर : म्हणजे सूट आईबापांना, आणि ती भरतं बाळ, न्हाणाच्या फोटोने. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने मुलाची माहिती वापरायला आईवडिलांची संमती मागितली आहे. तेवढी तू घेशील, कागद पक्का करशील. पण बाळाच्या वतीने बोलायला ज्यांना कायद्याने उभं केलं, सूटही त्यांनाच. अठरा वर्षांनी ते मूल तुला विचारायला आलं तर तुझ्याकडे उत्तर आहे?

हौशी : उघड्या अंगाचे टाकणार नाही. चेहरा न दिसणारे टाकेन, पाऊल, मूठ, आजीचा अंगठा. त्यावर काम मिळालं तर मिळालं. बाकीचं उत्तर नाही माझ्याकडे. पण तुम्हीही एक कबूल करा, की कुणीच फोटो काढू नये हेही उत्तर नव्हे. तुमचा तान्हेपणीचा फोटो आहे का?

शंकेखोर : नाही. आमच्या घरात पहिला फोटो माझ्या मुंजीच्या वयाच्या भावाचा. माझा दहावीच्या फॉर्मसाठी काढला.

हौशी : हवा होता?

शंकेखोर : माझा नको होता. आई त्या वेळी कशी दिसत होती, ते बघायला आवडलं असतं. म्हणून तर तुला अजून हाकलून दिलं नाही.

हौशी : रविवारी एका घरी जायचंय. बाळ नऊ दिवसांचं असेल. ठरवलंय बाळाच्या वडिलांनी, अ‍ॅडव्हान्सही त्यांनीच पाठवला. काय करू सांगा.

शंकेखोर : शनिवारी फोन कर. वडिलांना नाही, तिला. बहिणीला करायला लाव, म्हणजे ती मोकळं बोलेल. झोप झाली का विचार, बाळ पितंय का, पिवळं आहे का, आणि मग विचार, उद्या यायचं का. नुसतं बाळ हवं की तीही, हे तिला रविवारी दहा वाजता उठल्यावर जसं वाटेल तसं ठरवू दे. नको म्हणाली तर महिन्याने जा. गुडघे पोटाशी नसतील, नसू देत.

हौशी : आणि अ‍ॅडव्हान्स?

शंकेखोर : परत कर.

हौशी : आणि हो म्हणाली, पण ते 'हो' सासूबाई शेजारी उभ्या आहेत म्हणून असेल, तर ते फोनवर कसं ओळखायचं?

शंकेखोर : ते मला वॉर्डात समोर बसूनही ओळखता यायचं नाही. संमतीपत्रावर सही आईची असायची, वाचायचा नवरा.